कॉन्स्टेबलच्या बाजूने

लंडन, रविवार

प्रिय मंदार,

इंग्लिश निसर्गचित्रकारांत टर्नरपुढे कॉन्स्टेबल म्हणजे ‘कॅलेंडरवाला’, हे तुझं वाक्य जिव्हारी लागलं बघ. टर्नर थोर, मान्य. इथे वीस पौंडाच्या नोटेवरही तोच आहे. पण कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ तू फक्त छापील पाहिलंयस. नॅशनल गॅलरीत ते सहा फुटी चित्र समोर आलं, की पाण्यातली गाडी आणि काठावरचं कुत्रं मागे पडतं आणि नजर रंगावर खिळते. पानांवर, पाण्यावर पांढऱ्या रंगाचे बारीक फटकारे आहेत. तेव्हाचे टीकाकार त्याला ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून हिणवायचे! त्याच मापाचा कच्चा आराखडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तो इतका रांगडा आहे की मला तर तोच जास्त आवडला.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तसंच झालं. 1821 मध्ये इथल्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात हे चित्र कुणी घेतलं नाही. 1824 मध्ये पॅरिसला त्याच चित्राला सुवर्णपदक! फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने ते पाहून स्वतःच्या तयार चित्रावर पुन्हा हात फिरवला. इथे अकॅडमीचं पूर्ण सभासदत्व टर्नरला सव्विसाव्या वर्षी मिळालं. कॉन्स्टेबलला बावन्नाव्या वर्षी, तेही अवघ्या एका मताच्या फरकाने.

मला खरा भावतो तो त्याचा ढगांचा नाद. 1821-22 मध्ये हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून तो नुसतं आभाळ रंगवायचा आणि चित्रामागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहायचा. पंचांगच म्हण ना!

आता तुझ्या टर्नरचा वात्रटपणा. 1832 चं प्रदर्शन. कॉन्स्टेबलच्या वॉटर्लू पुलाच्या चित्रात लाल-सोनेरी थाट, शेजारी टर्नरचा करडा समुद्र. टर्नर आला, आपल्या समुद्रात लाल रंगाचा एक ठिपका ठेवला आणि चालता झाला. नंतर येऊन त्या ठिपक्याचा पाण्यावर तरंगणारा बोया केला. ‘इथे येऊन बंदूक झाडून गेला’, असं कॉन्स्टेबल म्हणाला. या बाबतीत तुझा गडी जिंकला, जा.

फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे 1870 मध्ये मोने आणि पिसारो, पुढचे इम्प्रेशनिस्ट चित्रकार, लंडनला आले. त्यांनी टर्नर-कॉन्स्टेबल दोघांचीही चित्रं अभ्यासली, असं पिसारोनेच पुढे पत्रात लिहिलंय. म्हणजे इम्प्रेशनिझमचं सगळं श्रेय टर्नरच्या खात्यावर टाकू नकोस.

उलट टपाली तुझी बाजू मांड. टर्नरच्या ‘टेमेरेर’ जहाजाच्या चित्रातला सूर्यास्त सोडून, तो सगळेच सांगतात.

तुझा,
निखिल