वाडी नाक्यावरच्या त्या दोघांचे आभार

परवा रात्री अमरावती रोडला वाडीच्या पुढे माझा जुना ट्रक मिस मारायला लागला, म्हणजे इंजिन अडखळत चालायला लागलं, काळा धूर, पिकअप नाही, मला वाटलं डिझेल पंपच गेला, म्हणजे बाप्पा मोठा खर्च. तेवढ्यात एक म्हातारे ड्रायव्हर काका न एक पोरगा थांबले, नाव विचारायचंही राहून गेलं. काकांनी इंजिन आयडलला ठेवून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरच्या पाईपचा नट जरासा ढिला केला, प्रत्येक वेळी इंजिनचा आवाज पडायचा, चौथ्याला काहीच फरक नाही, म्हणजे तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता! म्हणे भाऊ, पंप बरा आहे, डिझेल येऊन राहिलं, याच इंजेक्टरच्या तोंडाचा नोझल गेला. मी वाकून पाहत होतो तर ओरडलेच, हात दूर ठेव, प्रेशरचं डिझेल कातडीत घुसते.

सकाळी तो इंजेक्टर टेस्टरवर लावला तर फवारा नाही, नुसतं थेंब थेंब गळत होतं. त्या पोरानं जाताना सांगितलेलं म्हणून इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसरही नवाच टाकला, जुनाच बसवणार होतो मी, कंजूषपणा दुसरं काय. एक नोझल, एक वायसर, झालं काम. काका, तुम्ही चहाचे पैसेही मला देऊ दिले नाही, पुन्हा दिसा एकदा.