दुसऱ्या डॉक्टरची खुर्ची

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. "तिकडे कोकणातल्या आरोग्य केंद्रात अजून किती दिवस काढणार आहेस?" असं विचारलंयस. एका ओळीत उत्तर सुचेना, म्हणून लांबलं. आज रविवार, सकाळपासून एकच पेशंट आलाय, तेव्हा बसलो लिहायला.

हळवं भात कापून झालंय, गरवं अजून उभं आहे. आमच्याकडे कापणी आली की विंचू आणि फुरसं आलंच. पेंढ्या उचलताना नाहीतर गडग्याच्या चिऱ्यावर हात टेकताना चावतं. लोक काळ्या इंगळीला बघून घाबरतात, पण जिवावर बेततं ते त्या बारक्या लाल विंचवामुळे.

दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दिवेलागणीला आठ वर्षांचं पोर आणलं. खळ्यात तळपायाला विंचू चावलेला. फारसं रडत नव्हतं, म्हणून घरच्यांना वाटलं थोडक्यात निभावलं. मला नेमकी त्याचीच भीती वाटली. अंगात विष भिनलं की कधी कधी दुखणं कमीच असतं. हात हातात घेतला तर बर्फासारखा गार. कपाळावर घाम, दोन उलट्या झालेल्या, नाडी नुसती पळत होती.

वीस किलोचं पोर, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम प्राझोसिन (मूळचं रक्तदाबाचं औषध), म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा. तो पोटात गेला की पोराला आडवंच ठेवायचं, उठवलं तर रक्तदाब कोसळतो. त्याच्या आईला त्याला मांडीवर घ्यायचं होतं. "आई, हात धरा, पण उचलू नका," असं मी तिला दहादा सांगितलं असेल. ती बिचारी गुडघ्यांवर बसून पोराचे तळवे चोळत राहिली. तीन तासांनी पुन्हा डोस. मध्यरात्रीच्या सुमारास तीच म्हणाली, "डाक्टर, पाय गरम लागतायत." मी हात लावून पाहिला. खरंच ऊब आली होती. तेवढ्या वेळात पलीकडच्या खोलीत एक बाळंतीण मोकळी झाली, मुलगी झाली. सिस्टर तिथे, मी दोन्हीकडे.

हे औषध विंचवाला चालतं, हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, ठाऊक आहे ना? १९७६ साली ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणं टिपली, १९८२ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं आपल्याच कोकणात, अशाच एका केंद्रात झालं, याचा मला फार अभिमान वाटतो. तेव्हा इथे राहून माझं शिक्षण वाया जातंय, असं मनातसुद्धा आणू नकोस. औषधही आहे, ज्ञानही आहे. माणसं नाहीत. आमच्याकडे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जागा दोन. एक मी, दुसरी खुर्ची दोन वर्षं रिकामी.

ती खुर्ची रिकामी म्हणजे काय, ते मला त्याच आठवड्यात शुक्रवारी कळलं.

पहाटे तीनला एक शेतकरी आला. संध्याकाळी पायाला फुरसं चावलेलं, घोटा सुजलेला, हिरड्यांतून रक्त. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि टेबलावर ठेवलं. २० मिनिटं ती नळी हलवायची नाही. आम्ही सगळे घड्याळाकडे बघत उभे. मग आडवी केली, तर रक्त न गोठता पाण्यासारखं वाहिलं. सर्पदंशाच्या लसीच्या १० कुप्या लावल्या. थोड्या वेळाने त्याला उलटी झाली, त्यातही रक्त. पुढे पाठवणं भाग होतं. १०८ हायवेवरच्या अपघाताला गेलेली. केंद्राची गाडी होती, पण लस चालू असताना रिअ‍ॅक्शन आली तर ड्रायव्हर काय करणार? अ‍ॅड्रिनॅलिन भरलेली सिरिंज हातात धरून मीच बरोबर बसलो. जिल्ह्याला पोचवून परत यायला साडेअकरा वाजले. माणूस वाचला.

इकडे ओपीडीत नऊ वाजल्यापासून माणसं बसलेली. त्यात एक आजी होत्या. दोन दिवस ताप, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल. कापणीला अनवाणी चिखलात उभ्या राहिलेल्या. सिस्टरनी ताप बघून पॅरासिटामॉल दिली, डॉक्टर येईपर्यंत थांबा म्हणाल्या. पण अकराची एसटी चुकली तर चारशिवाय गाडी नाही. आजी निघून गेल्या.

लेप्टो होता रे, लेप्टोस्पायरोसिस, चिखलापाण्यातून होणारा ताप. मी असतो तर डोळे आणि पोटऱ्या बघूनच डॉक्सीसायक्लिन सुरू केली असती. सोमवारी मुलगा त्यांना उचलून घेऊन आला तेव्हा डोळे पिवळेधमक, लघवी जवळजवळ बंद. जिल्ह्याला दोनदा डायलिसिस झालं.

मी गाडीत बसलो ते चुकलं असं मला वाटत नाही. उद्या पुन्हा बसेन. पण आजींची ती गाडी माझ्या डोक्यातून जात नाही. कामाचा ताण मला सोसतो, झोपही कुठेतरी भरून निघते. एका जिवाबरोबर गेलं की मागे दुसरा उघडा पडतो, हे मात्र सोसत नाही. आणि मागे राहिलेल्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. आजी "तपासल्या" नाहीत, तर त्या आल्याच नाहीत.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. तू पुण्यात शिकवतोस, इंटर्नशिप संपवलेली पोरं तुझ्या ओळखीची आहेत. कंत्राटी जागांसाठी जिल्हा परिषदेत थेट मुलाखती होतात. कुणी मनापासून तयार असेल तर त्याला माझा नंबर दे. खरं तेच सांग: क्वार्टर आहे पण पावसात गळतं, जुलैत दोन-दोन दिवस लाईट नसते, विहिरीला मेपर्यंत पाणी असतं. जेवायला माझ्याकडे. पहिले दोन महिने रात्रीचे कॉल मी घेईन, त्याने शेजारी उभं राहून फक्त बघावं.

काल आजींच्या मुलाचा फोन आला होता. लघवी सुरू झालीय, परवा पेजही घेतली म्हणे.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा. दिवाळीला मला निघता येणार नाही, तूच ये.

तुझाच