चष्म्यातला डोंगर ताणू नका

महोदय,

दरडप्रवण डोंगर आभासी वास्तवाच्या चष्म्यातून ग्रामस्थांना दाखवावेत, असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. कल्पना पटली; पण मोजमापाची अट हवी. देखावा उठावदार व्हावा म्हणून अनेकदा उंची दुप्पट ताणतात. मग ३० अंशांचा उतार ४९ अंशांचा दिसतो. कागदी नकाशावर हे खपते, तिथे कुणी उतारावर उभे नसते! शिवाय मोफत मिळणारी उंचीची विदा (डेटा) बहुधा ३० मीटरच्या चौकटींची. एका चौकटीत ९०० चौरस मीटर, म्हणजे चार-पाच घरे आणि मागची घळ एकाच आकड्यात गडप. इर्शाळवाडीसारख्या उतारावरच्या वस्त्यांसाठी ड्रोनवरील लायडारची, म्हणजे पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या लेसर किरणांनी उंची मोजणाऱ्या यंत्राची, विदा घ्यावी. नुसत्या छायाचित्रांतून दाट रानात झाडांचे शेंडे मोजले जातात, जमीन नव्हे.

– एक वाचक, पुणे