कॉलेज पारखायला शिकवणाऱ्या लॅबमधल्या काकांना

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

सीईटीचा निकाल लागून कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा आमच्या घरात दोनच विषय होते: मागच्या वर्षीचा कट-ऑफ आणि प्लेसमेंटचं पॅकेज. बाबांबरोबर मी तुमचं कॉलेज बघायला आले, तेव्हा माहितीपत्रक हातात देऊन आमची बोळवण करता आली असती. तुम्ही आम्हाला लॅबमध्ये बसवून घेतलंत आणि कॉम्प्युटरचं कॉलेज कसं पारखायचं ते सांगितलंत. आता मला तिसरं वर्ष लागलंय. तुमचा एकेक प्रश्न किती नेमका होता ते आज कळतंय, म्हणून हे जाहीर पत्र.

मशीन किती आहेत हे विचारू नका, एखादं सुरू करून बघा, असं तुम्ही म्हणालात. पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकलसाठी ६४-बिट ओपन सोर्स लिनक्सची, म्हणजे जिचा कोड सगळ्यांना खुला आहे अशा ऑपरेटिंग सिस्टिमची, शिफारस असते. लॅबमध्ये ते रोज चालतं का, हे तिथल्या मुलांनाच विचारायचं. सबमिशनला लिबरऑफिस किंवा लेटेक्स अशा मोफत सॉफ्टवेअरमधून काढलेली पीडीएफ चालते का, हेही. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरचा आग्रह असला, तर बेताच्या परिस्थितीतली मुलं लायसन्ससाठी पैसे कुठून आणणार? मग पायरेटेड कॉपी येते, आणि शिक्षणाची सुरुवातच चोरीने होते. हे बोलताना तुमचा आवाज चढला होता.

सगळ्यात मोलाचा ठरला तो ऑपरेटिंग सिस्टिमबद्दलचा प्रश्न. कुठल्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारे शेड्युलिंगचे अल्गोरिदम नुसते वहीत सोडवून घेतात, की मुलांना खऱ्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, हात घालू देतात? एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली एक्सव्ही६ ही सिस्टिम तुम्हीच पहिल्यांदा दाखवलीत. काही हजार ओळींचा कोड, कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. तेव्हा मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. मागच्या सत्रात आम्ही त्यात स्वतःचा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे काम मागायची सोय, घातला. कर्नल पॅनिक होऊन पडायचा, कारण शोधत मध्यरात्र उलटायची, पण प्रोग्रामकडून कर्नलकडे ताबा नेणारा ट्रॅप कसा पोचतो, मेमरीचा नकाशा ठेवणारं पेज टेबल कसं बदलतं, हे सगळं डोळ्यांसमोर उघडं होतं. आतलं बघायची मुभा नसती तर आम्ही नुसत्या व्याख्या पाठ केल्या असत्या.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला करू देतात का, हे विचारायलाही तुम्ही सांगितलं होतंत. आणि विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे का? सांगलीच्या वालचंदमधला लिनक्स यूजर्स ग्रुप आणि पुण्याच्या सीओईपीतला फ्री सॉफ्टवेअर यूजर्स ग्रुप ही नावं मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकली. मी मराठी माध्यमातली, इंग्रजीला बिचकणारी. ते ओळखून तुम्ही आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे उघडून दिलेत. ॲडमिशन होईपर्यंत मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, वापरायला त्यावरच शिकले.

यातलं तुमच्या कॉलेजात काय नाही, तेही तुम्ही बाबांना स्पष्ट सांगितलंत. त्यामुळेच मी ऑप्शन फॉर्ममध्ये दुसरं कॉलेज वर टाकलं. नोकरी तिथे, आणि तरी एका अनोळखी मुलीच्या भल्याचं सांगितलंत. हे बाबा अजून लोकांना सांगतात.

दिवाळीनंतर आमचा ग्रुप पहिल्या वर्षाच्या मुलांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देणार आहे. रजा मिळाली तर नक्की या, काका. बाबाही येणार आहेत.

तुमची कृतज्ञ,
त्या दिवशी बाबांबरोबर आलेली मुलगी