बाबांचं पत्रक आणि माझी ड्युटी

कोथरूड, पुणे
रविवार, 18 जानेवारी 2026

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वाईहून पाठवलेली तुमच्या पत्रकाची चार पानं मिळाली. मी महापालिका निवडणुकीच्या ड्युटीवर होते, म्हणून कुरिअरवाल्याने पाकीट खाली वॉचमनकडे दिलं आणि वॉचमनने त्यावर चहाचा ग्लास ठेवला. तिसऱ्या पानावर 'संविधान' या शब्दाभोवती अगदी बरोबर गोल डाग पडलाय. बाकी मजकूर सुखरूप आहे. टाईप करून सोबत पाठवतेय.

फोनवरच बोलले असते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. तिसऱ्या मिनिटाला तुमचा आवाज चढतो, चौथ्याला माझा, आणि पाचव्याला आई फोन ओढून घेते आणि जेवलीस का म्हणून विचारते. त्यापेक्षा पत्र बरं.

'कसं वाटलं ते खरं सांग' असं तुम्ही समासात लिहिलंय, म्हणून सांगते. 26 जानेवारीला तुमच्या पक्षाच्या शाखेची मुलं हे पत्रक पुण्यातल्या सोसायट्यांमधून वाटणार. त्यातली पहिली अडीच पानं दिल्लीची आहेत. मिळकतकर चौथ्या पानाच्या तळाशी, तोही 'तसेच' या शब्दाने सुरू होणाऱ्या एका वाक्यात. 'लोकशाही धोक्यात' हे मथळ्यात आहे, मग पहिल्या परिच्छेदात, आणि पुढे आणखी सहा वेळा. मी मोजलं. तपासायच्या वह्यांमध्ये एकच शब्द सारखा आला की मी खाली रेघ मारते, ती खोड. लोक हे वाक्य सगळ्याच पक्षांकडून ऐकतात. बुलेटवरून उतरलेला मुलगा पत्रक हातात देतो, माणूस लिफ्टमध्ये मथळा वाचतो, आणि वर पोहोचेपर्यंत त्याची घडी होऊन ती रद्दीच्या पिशवीत गेलेली असते.

दिल्लीचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे इथलंच इतकं आहे की दिल्लीला जायची गरजच नाही. पुणे महापालिकेची मुदत 14 मार्च 2022 ला संपली. दुसऱ्या दिवसापासून प्रशासक. तेव्हापासून परवाच्या निकालापर्यंत, म्हणजे तीन वर्षं दहा महिने, या शहरात एकही नगरसेवक नव्हता. 74व्या घटनादुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायची. 2025-26 चं 12,618 कोटींचं अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडलं. ते मंजूर करायचं स्थायी समितीने, म्हणजे त्याच आयुक्तांनी प्रशासक म्हणून. आणि मुख्य सभा? तीही तेच. आपल्या सोसायटीत सेक्रेटरीनेच हिशेब मांडून स्वतःच हात वर करून मंजूर केला असता तर तुम्ही खुर्ची उलटी केली असती. हे पहिल्या परिच्छेदात घ्या. यात आरडाओरडा नाही, पण माणूस लिफ्टमधून बाहेर पडल्यावरही पुढे वाचेल.

एक दुरुस्ती मात्र करावी लागेल. 'सत्ताधाऱ्यांनी निवडणुका लांबवल्या' असं तुम्ही ठोकून दिलंय. ओबीसी आरक्षणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये दिला, तिथून पेच सुरू झाला. प्रभाग तीन सदस्यांचा की चारचा यावरून दोन सरकारांनी दोन वेळा कायदा फिरवला. पहिल्या खेपेला तुमचीच माणसं मंत्रालयात होती, आणि प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारा कायदाही त्याच महिन्यांतला. शेवटी 6 मे 2025 ला न्यायालयानेच बजावलं की घ्या आता, मग मुदत वाढवून 31 जानेवारी 2026 दिली, तेव्हा कुठे हे झालं. आपल्या बाजूचंही लिहिलंत तर पत्रकाला वजन येईल. शाखेत दोघंचौघं नाक मुरडतील, मुरडू द्या.

आता कराचं. तो चौथ्या पानाच्या तळातून वर काढा. घरात स्वतः राहणाऱ्याला करात चाळीस टक्के सवलत, हा ठराव 1970 चा, पुणे महापालिकेच्या मुख्य सभेचा. इथे निवडून आलेल्या माणसांनी इथे बसून घेतलेला. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, मुंबईहून, म्हणजे राज्य सरकारकडून, ती सवलत रद्द झाली, आणि 2023 मध्ये मुंबईनेच ती परत दिली. 2018 च्या सुमारास, घरात मालक स्वतः राहतो का ते बघायला, सर्वेक्षणाची माणसं आली तेव्हा तुम्ही दोघं दादाकडे होतात, दाराला कुलूप. पुढचं बिल बघून तुम्ही दोनदा चष्मा पुसलात. मग सवलत परत मिळवायचा तो पीटी-3 अर्ज, पंचवीस रुपये, सोसायटीचं पत्र, आणि आईच्या नावाचं गॅसचं पुस्तक, जे शेवटी पापडाच्या डब्यात सापडलं. आई, ते तिथे का होतं हे मला अजून कळलेलं नाही.

जकात आठवते का बाबा? कात्रजला ट्रकांची रांग लागलेली असायची आणि तुम्ही म्हणायचात, ही बघ पुण्याची तिजोरी. 2013 मध्ये जकात गेली, एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, 2015 मध्ये बहुतेकांचा एलबीटीही गेला. 2017 ला जीएसटी आला, आणि महापालिका दर महिन्याला राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. हातातला मोठा कर उरला तो मिळकतकर, आणि त्यातली सवलत द्यायची की नाही तेही इथे ठरत नाही. ज्याला स्वतःचा खिसा नाही त्याच्या मताला घरात किती किंमत असते, हे तुम्हाला आजोबांच्या शेवटच्या वर्षांवरून ठाऊक आहे. तुमच्या चार पानांत मला हवं होतं ते हे.

त्याउलट तुम्ही पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीची मागणी केलीये. मुंबईत ती 2022 पासून आहे, खरं. पण मग पैसा येणार कुठून, यावर एक अवाक्षर नाही. 'वसुलीसाठी बँड वाजवणारी पालिका' हे वाक्य मात्र मस्त जमलंय. थकबाकीदाराच्या दारात बँड लावणारं गाव आपलं, आणि त्यातही कोणीतरी गॅलरीतून 'सूर लागत नाहीये' असं म्हणालं असणार. ते ठेवलंय.

आता माझी ड्युटी. आईला पूर्ण ऐकायचंय म्हणून सविस्तर. संक्रांतीच्या दिवशीच साहित्य वाटप होतं. सकाळी तिळगूळ घेऊन निघाले आणि मंडपात टेबल शोधत दुपार झाली. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, याद्या, लाखेच्या कांड्या, पन्नास तऱ्हेची पाकिटं, सगळं मोजून घेऊन बसमधून शाळेवर गेलो. आमचे केंद्राध्यक्ष एका बँकेतले, अतिशय घाबरट आणि म्हणूनच अतिशय चोख. रात्री वर्गातले बाक सरकवून आम्ही तिळाच्या वड्या खाल्ल्या. फळ्यावर कोणा मुलाने लिहिलेलं 'उद्या सुट्टी' तसंच होतं.

साडेसातला मतदान सुरू. चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे चार मतं. मतपत्रिकांचे रंग वेगळे: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. चारही झाल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. पहिली आजी आत गेली, एक बटण दाबलं, आणि नमस्कार करून निघाली. 'आजी, अजून तीन राहिली.' 'मला एकच द्यायचंय, मी एकालाच ओळखते.' तिला समजावलं की बाकीच्यांत कोणी नको असेल तर शेवटचं नोटाचं बटण आहे. ती परत आत गेली, बराच वेळ आत होती, आणि पुठ्ठ्याच्या आडून आवाज आला, 'हे गुलाबी कोणाचं गं?' आम्ही काहीच सांगू शकत नाही. बाहेर येऊन म्हणाली, 'चार नवरे दिल्यासारखं झालं, एकही धड नाही.' घाबरट केंद्राध्यक्षसुद्धा हसले.

हे तुमच्या पत्रकात घालू नका. माझं नाव, शाळा, केंद्र, काहीही नको. पण चार सदस्यांच्या प्रभागाबद्दल मात्र जरूर लिहा. पूर्वी आपला नगरसेवक कोण हे आईला माहीत होतं. तो सकाळी दूध घ्यायला यायचा आणि आई त्याला पिशवीसकट अडवून नळाच्या पाण्याचं विचारायची. आता चौघांपैकी कोणाला अडवायचं? प्रत्येक जण म्हणतो, ते त्यांच्याकडे आहे. आणि राज्यात एका सरकारात मांडीला मांडी लावून बसलेले दोन पक्ष पुण्यात एकमेकांसमोर उभे. आमच्या रांगेत एक काका विचारत होते, कमळाला दिलं तर घड्याळाला जातं का? चेष्टेने नव्हे, खरोखर. राज्यात कितीतरी जागा तर बिनविरोध गेल्या, पुण्यातही. तिथल्या मतदाराला त्या जागेसाठी नोटासुद्धा मिळाला नाही. 'मतदानाचा हक्क' लिहिता तिथे हे लिहा.

तुमची एक मोठी चूक माझ्या नजरेतून सुटली असती तर शाखेचं हसं झालं असतं. 'व्हीव्हीपॅटच्या सर्व चिठ्ठ्या मोजा' अशी मागणी तुम्ही केलीये. व्हीव्हीपॅट म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, आणि महापालिकेच्या या निवडणुकीत ते नव्हतंच! लावलेलंच नव्हतं, तर चिठ्ठ्या कुठून मोजणार? ही निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, लोकसभा-विधानसभेची दिल्लीच्या आयोगाची. मागणी करायची तर 'व्हीव्हीपॅट का नाही' अशी करा. मी तसं बदललंय, पटत नसेल तर सांगा.

शाईचं मला सगळे विचारतायत. शाई नव्हतीच, मार्कर होता. बोटाला लावायचं काम माझ्याकडे होतं. नखावर आणि वरच्या कातडीवर तीनचारदा घासायचा, अशी सूचना होती. दुपारी टीव्हीवर तो पुसला जात असल्याचं दाखवायला लागल्यावर रांगेतला प्रत्येक मुलगा माझ्यासमोर अंगठ्याने नख घासून बघायला लागला. त्यानंतर मी इतका जोर लावला की एका मुलीने 'आई गं' केलं. तो दुसऱ्या दिवशी किती टिकला हे मला सांगता येणार नाही. पण बोटावरच्या खुणेवर लोकांचा विश्वास नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते मला पुसलेल्या शाईपेक्षा जास्त लागलं.

यादीत दोन चांदण्या असलेली नावं म्हणजे दुबार. त्यांच्याकडून लिहून घ्यायचं की दुसरीकडे मतदान केलेलं नाही आणि करणार नाही. एका पन्नाशीच्या बाईंना ते इतकं लागलं की त्या रडायलाच लागल्या, 'मी काय चोर आहे का?' आणि शेजारच्या इमारतीतलं एक जोडपं, तीस वर्षं इथेच राहणारं, त्यांची नावं पलीकडच्या प्रभागात गेलेली. ते रिक्षा करून गेले. सगळे असे जात नाहीत. साडेपाचला दार बंद केलं तेव्हा निम्म्याहून थोड्याच जास्त नावांपुढे खूण होती. निकाल तुम्ही टीव्हीवर पाहिलातच, त्यावर मी काही लिहीत नाही. त्यावर आपण उन्हाळ्यात भांडू.

बाबा, आता शेवटचं. तुमच्या तिसऱ्या पानावर, त्या चहाच्या डागाच्या खालीच, एक वाक्य आहे: 'मत न देणाऱ्याला बोलण्याचा अधिकार नाही.' ते मी टाईप केलं नाही. ड्युटीवरच्यांना टपाली मतपत्रिका मागता येते, अर्ज मुदतीत द्यायचा असतो. मी तो भरला, सही केली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, आणि पेपर तपासायच्या गडबडीत विसरले. आठवलं ते साहित्य वाटपाच्या रांगेत. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटांना खूण करत होते, माझं बोट कोरं. तुम्ही लहानपणी मला खांद्यावर घेऊन बूथबाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या लिहायला बसवायचात, म्हणून फोनवर हे सांगायचं धाडस झालं नाही.

त्या वाक्याची जागा टाईप केलेल्या प्रतीत कोरी ठेवलीये. ते घालायचं असेल तर हाताने लिहा.

आई, गुळाच्या पोळ्या पोचल्या. दोन मोडल्या होत्या, त्या आधी खाल्ल्या. बाबांच्या गुडघ्याचं तेल आणि हलव्याची पुडी सोबत आहे, पुडी त्यांना एकदम देऊ नकोस. वाईच्या पाण्याला अजून तशीच चव आहे का ते कळव.

तुमची,
ताई