आमच्या जुन्या नाटकांना सर्व्हर निवडून देणाऱ्या दादांचे जाहीर आभार

चिपळूण

सप्रेम नमस्कार दादा,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि तालमी कशा चालल्यात ते विचारता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तशी सक्त ताकीद तुमच्या मावसभावाने, म्हणजे आमच्या ध्वनिसंकेतवाल्याने दिली आहे. तरी उघड्यावर लिहायला कारण आहे. आमच्यासारख्या हौशी नाट्यसंस्था महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांच्या कपाटांतही अशीच प्रयोगांची चित्रणं धूळ खात पडलेली असणार आणि तिथेही कुणीतरी "एखादा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना चित्रणं पुरवणारं यंत्र, टाकू या का?" असं म्हणत असणार. त्यांनाही तुमच्या विचारपूस करण्याच्या पद्धतीचा उपयोग व्हावा.

आमची परिस्थिती तुम्ही पाहिलीच होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटातल्या व्हीएचएस कॅसेटी गेल्या. एका सभासदाने त्याआधी हौसेने डिजिटल करून आपल्या घरी वरच्या मजल्यावर ठेवलेलं तेवढं वाचलं. त्यात मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेल्या एव्हीआय फाइली, लग्नाच्या व्हिडिओवाल्याने करून दिलेल्या डीव्हीडी, हँडीकॅमच्या एमटीएस फाइली आणि अलीकडची मोबाइलवरची चित्रणं, असा सगळा गोतावळा. हे सगळं तालमीच्या हॉलमधल्या टीव्हीवर बघता यावं आणि पुण्या-मुंबईला, परदेशात गेलेल्या जुन्या कलाकारांनाही दिसावं, एवढीच इच्छा होती. हाताशी होता कार्यालयातला डेस्कटॉप. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतका जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून तो भंगारात काढायचं घाटत होतं. तुम्ही त्यावर डेबियन १३ ही मोफत लिनक्स प्रणाली चढवलीत, तेव्हा खजिनदारांचा चेहरा उजळला. फुकट आणि शिवाय कायदेशीर! (त्यांना आजही यात कुठेतरी गोम आहे असं वाटतं.)

खरे आभार त्याच्या पुढच्या गोष्टीचे. प्रत्येकजण आपल्या आवडत्या सॉफ्टवेअरचं किंवा यंत्राचं नाव घेऊन आला होता. एकाने कोडी लावलेलं घरी पाहिलं होतं, दुसऱ्याच्या मेहुण्याकडे प्लेक्स होतं, आमच्या नेपथ्याच्या पोराला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक घ्यायचा होता. तुम्ही कुणालाच खोडून काढलं नाहीत. हजेरीवहीचं मागचं पान उघडलंत आणि विचारायला लागलात. फाइली कुठल्या प्रकारच्या? कुठल्या पडद्यावर बघणार? एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण? कुणी काय बघायचं नाही? आणि तुम्ही गेल्यावर हे सांभाळणार कोण? शेवटच्या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते पान मी जपून ठेवलंय. सॉफ्टवेअरची नावं त्यावर अगदी तळाशी आली, तीही एकेक कटत गेली.

कोडीबद्दल तुम्ही सांगितलंत की तो मुळात प्लेअर आहे, ज्या यंत्राला टीव्ही जोडलाय तिथे उत्तम. २०१४ पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं आणि त्याच घराण्यातून पुढे प्लेक्स निघालं, हेही. पण आम्हाला एका जागेवरून अनेकांना पुरवायचं होतं. रास्पबेरी पायचा विषय तर एका वाक्यात संपला. पाय ५ मध्ये एच २६४ एन्कोड करणारं, म्हणजे चित्रण बहुतेक टीव्हींना चालेल अशा रूपात बदलणारं, हार्डवेअरच नाही आणि आमच्या फाइलींना तर त्याचीच गरज. पोरगा थोडा हिरमुसला, पण त्याला तुम्ही प्रकाशयोजनेसाठी पाय वापरायची जी कल्पना दिलीत त्यात तो आता रमलाय.

मिनीडीएलएनए हा छोटासा सर्व्हर मला पहिल्यांदा फार आवडला होता. डेबियनच्या सॉफ्टवेअर-भांडारातच मिळतो, एका साध्या फाइलीत फोल्डरचं नाव लिहिलं की काम सुरू, मेमरी जवळपास खात नाही. तुम्ही तो तिथल्या तिथे लावून दाखवलात. टीव्हीच्या यादीत आमची नाटकं दिसली सुद्धा! मग मिनीडीव्हीची एक फाइल लावली आणि टीव्हीने सरळ 'फाइल चालत नाही' म्हणून हात वर केले. हा सर्व्हर फाइल जशी आहे तशी देतो, बदलून देत नाही. घेणाऱ्याला ती भाषा येत असेल तर ठीक. डीव्हीचं चित्रण सेकंदाला २५ मेगाबिट, तासाला सुमारे १३ जीबी, आणि ते आजच्या टीव्हीला किंवा ब्राउझरला कळत नाही. दुसरी अडचण तुमच्या चौथ्या प्रश्नाची. मिनीडीएलएनएमध्ये नाव-पासवर्ड नसतो, हॉलच्या वाय-फायवर असलेल्या कुणालाही सगळं दिसणार. तालमींची चित्रणंही त्यात आहेत, आणि आमच्या दिग्दर्शकांची तालमीतली भाषा पालकसभेला ऐकवण्यासारखी नाही.

म्हणजे बदलून देणारा आणि माणसागणिक दारं उघडणारा सर्व्हर हवा, हे तुमच्या तोंडून यायच्या आधी आमच्याच तोंडून आलं. निवड तिथेच अर्धी झाली होती.

उरले प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन. इथे तुमचा प्रामाणिकपणा मला फार भावला. मुक्त सॉफ्टवेअरवाले बऱ्याचदा दुसऱ्या बाजूला शिव्या घालूनच सुरुवात करतात. तुम्ही म्हणालात, टीव्हीवरचं ॲप प्लेक्सचं जास्त सफाईदार आहे, ज्याला पैसे देऊन डोक्याला ताप नको त्याने खुशाल घ्यावं. मग आमच्या पानाशी ताडून पाहिलंत. लिनक्सवर हार्डवेअरच्या मदतीने ट्रान्सकोडिंग (चित्रण चालता चालता दुसऱ्या रूपात बदलणं) करायला प्लेक्सला वर्गणी भरावी लागते, एम्बीलाही. २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सवर घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायलाही पैसे पडतात आणि त्याच दिवशी आजीवन पासची किंमत जवळपास १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेली. आमचं वर्षाचं स्पर्धेचं प्रवेशशुल्क, कपडेपट आणि टेम्पो यांतून डॉलर कुठून काढणार? शिवाय सर्व्हर आपला असूनही खातं त्यांच्याकडे. पावसाळ्यात आमचं इंटरनेट किती भरवशाचं, ते तुम्ही अनुभवलंच.

जेलीफिनची जन्मकथा तुम्ही चहा घेताघेता सांगितलीत, ती इथे मुद्दाम लिहिते. एम्बी आधी मुक्त होता, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वापरता-बदलता यायचा. २०१८ मध्ये त्यांनी कोड बंद केला, तेव्हा काही मंडळींनी शेवटचा मुक्त कोड उचलला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेलीफिन सुरू केला. त्या कोडला जीपीएल हा मुक्त परवाना असल्यामुळे हे त्यांना करता आलं. म्हणजे उद्या जेलीफिनवाल्यांनी तोंड फिरवलं तरी तोच रस्ता दुसऱ्या कुणाला मोकळा आहे. नाटक मंडळी फुटून नवी संस्था निघते, तसंच हे. फक्त इथे संहिता दोघांकडेही राहते. हे ऐकल्यावर कार्यकारिणीत मतदानाची गरजच पडली नाही.

बसवण्याचं काम मी इथे थोडक्यातच सांगते. जेलीफिनचं स्वतःचं भांडार डेबियनला जोडायचं, पॅकेज घ्यायचं, ब्राउझरमध्ये ८०९६ पोर्टवर जाऊन पुढचं भरायचं. अडलं ते दुसरीकडेच. जेलीफिनमधल्या संग्रहाला (लायब्ररीला) चित्रणांची यूएसबी डिस्क दाखवली तर एकही नाटक दिसेना, फोल्डर रिकामंच! डिस्क तर समोर उघडत होती. तुम्ही मला टर्मिनलमध्ये तोच आदेश दोनदा द्यायला लावलात, एकदा माझ्या नावाने आणि एकदा 'जेलीफिन' या वापरकर्त्याच्या नावाने. दुसऱ्यांदा उत्तर आलं, परवानगी नाही. यूएसबी डिस्क डेस्कटॉपवरून उघडली की ती लॉग-इन केलेल्या माणसापुरतीच उघडते आणि सर्व्हर तर स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकायचा सोपा उपाय मीच सुचवला, तर तुम्ही नुसती मान हलवलीत. मग डिस्क तिच्या यूयूआयडीने, म्हणजे स्वतःच्या ओळखक्रमांकाने, कायमच्या जागी जोडायला शिकवलंत, सोबत 'नोफेल' लिहायला, म्हणजे डिस्क निघाली असली तरी यंत्र सुरू व्हायला अडून बसत नाही. पुढे दिवे जाऊन आले, कुणीतरी वायर सैल केली, तरी यंत्र मुकाट सुरू झालं. त्या एका शब्दाचे वेगळे आभार.

तसंच 'रेंडर' गटाचं, म्हणजे ग्राफिक्सचं हार्डवेअर वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटाचं. जेलीफिनला त्या गटात घातलं आणि क्विक सिंक, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरमधली चित्रण बदलायची सोय, सुरू केलं तेव्हा पंख्याचा आवाज खाली आला. खजिनदारांनाही तेवढं समजलं. तुम्ही डॅशबोर्ड उघडून दाखवलात: हँडीकॅमचं चित्रण कुठे थेट चाललंय, डीव्हीचं कुठे ट्रान्सकोड होतंय आणि का होतंय, ते शब्दांत लिहून येतं. आता कुणी "अडकतंय" म्हणालं की मी आधी तिथे बघते. मिनीडीव्हीच्या चित्रणात नाचाच्या वेळी हातांच्या कडांना आडव्या रेघा सुटायच्या. ते इंटरलेसिंग असतं, टेपवर प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत साठवल्यामुळे येणारं, आणि सर्व्हर रूपांतर करतानाच ते साफ करतो. मला आजवर कॅमेरावाल्याचा हात हलला असं वाटायचं. बिचारा. नव्या आयफोनवरच्या एचडीआर (जास्त उजेड-रंग टिपणाऱ्या) चित्रणाला मात्र आमचा म्हातारा प्रोसेसर दमतो, कारण त्याचा साठवण्याचा प्रकार, दहा बिटचं एचईव्हीसी, आमच्या हार्डवेअरला उलगडता येत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आता प्रयोगाच्या आधी फोनमधलं एचडीआर बंद करायला सांगतो. ते काम नेपथ्याच्या पोराकडे.

एक गंमत तुम्ही गेल्यावर घडली. मी हौसेने सगळं 'मूव्हीज' प्रकारात घातलेलं पाहायला आमचे ज्येष्ठ कलाकार आले, तर त्यांच्या पारितोषिक मिळालेल्या एकांकिकेवर कुठल्याशा दाक्षिणात्य मारधाडपटाचं पोस्टर! नाव जुळलं, बाहेरच्या माहितीसाठ्याने चित्र आणून चिकटवलं. त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही, उलट नायकाच्या मिशा आपल्याला शोभतात म्हणाले. तुम्ही फोनवर हसलात आणि 'होम व्हिडिओज' प्रकार निवडायला सांगितलात. आता फोल्डरच्या नावात वर्ष आधी आणि नाटकाचं नाव नंतर, देवनागरीत. आमच्या छायाचित्रांतून काढलेली पोस्टरं मी स्वतः लावली.

बाहेरून बघण्याच्या बाबतीत तुम्ही मला निक्षून 'नाही' म्हणालात, तेही आभारातच धरते. मी राउटरचा पोर्ट उघडायच्या बेतात होते. एक तर आमच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते, त्यामुळे तो उघडून उपयोग नव्हता. आणि उपयोग असता तरी अख्ख्या जगाला दार दाखवायची गरज नव्हती. टेलस्केल लावून आमच्याच माणसांचं बंदिस्त जाळं केलंत आणि बाहेरच्या प्रक्षेपणाला चार मेगाबिटची मर्यादा घातलीत, नाहीतर आमच्या अपलोडमधून डीव्ही कधी गेलंच नसतं. जर्मनीतल्या आमच्या जुन्या नायिकेने पहिल्याच रात्री आपलं नाटक लावलं. फोन करून मला पहिलं वाक्य काय म्हणावं? "अगं, दुसऱ्या अंकात माझी वेणी उलटी लागलीय आणि कुणी सांगितलं नाही!"

एका कलाकाराला त्याचा एक प्रयोग कुणालाच दाखवायचा नव्हता. कारण विचारू नका. ती लायब्ररी आता फक्त त्याच्या आणि माझ्या खात्याला दिसते. हेही तुमच्या चौथ्या प्रश्नातूनच निघालं.

आणि हो, सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की दुसरी डिस्क घेतली. ती पुराच्या रेषेच्या बऱ्याच वर, टेकडीवरच्या सभासदाकडे असते. महिन्याच्या सभेला येते, ताजी होते, परत जाते. इतिवृत्तात नोंद करतो.

एवढं सगळं करून तुम्ही एसटीचं भाडंही घेतलं नाहीत. तेव्हा कार्यकारिणीने एकमताने ठरवलंय की राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाच्या माहितीपत्रकात ऋणनिर्देशाखाली तुमचं नाव पूर्ण छापायचं. हरकत असेल तर मजकूर छापखान्यात जायच्या आत कळवा. नाही कळवलंत तर होकार समजू, आणि मावसभावाला आम्ही बघून घेऊ.

आपली,
संस्थेच्या दप्तराची आणि आता सर्व्हरचीही कारभारीण