आडवी बाटली

धारूर तालुका, जि. बीड
14 जानेवारी 2026

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेली सह्यांच्या अर्जाची लिंक मी दाबली. नाव टाकलं, पिनकोड टाकला, तर लगेच 'सही झाली, धन्यवाद' असं आलं. भरतीच्या जाहिराती वेळेवर निघाव्यात, निकाल वेळेवर लागावेत ही तुमची मागणी रास्तच आहे. चार वर्षं तू तिकडं वाट बघायलीस आणि मी इकडं. पण सही करून झाल्यावर मला काही केल्या झोप लागेना. फोनवर बोलावं तर लायब्ररीत तुझा आवाज बारीक होतो, म्हणून लिहायलाच बसले. उद्या शेजारचा पोरगा पुण्याला निघालाय. तिळाच्या लाडवांच्या डब्यात ही चिठ्ठी घालते. तूप लागलं तर चालवून घे.

आपल्या गावच्या देशी दारूच्या दुकानाचं मतदान होऊन वर्ष झालं. तुला तेव्हा फोनवर एवढंच म्हणाले होते की आपण हरलो. तुझी परीक्षा होती, जास्त काही बोलले नाही. खरं म्हणजे आपण जिंकलो होतो, आणि तरी हरलो. तो हिशोब तुला आज सांगते, कारण त्यात तूही आहेस.

नियम असा आहे. गावातल्या एकूण बाई मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्यांचा अर्ज दिला की राज्य उत्पादन शुल्कवाले त्या सह्या तपासतात. सह्या खऱ्या निघाल्या की गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद पाहिजे तर आडवीवर शिक्का. 2008 पासून असं चालू आहे. ऐकायला सोपं वाटतं. गोम पुढं आहे. आडवी बाटली उभीपेक्षा जास्त भरून भागत नाही, यादीत जेवढ्या बायांची नावं आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. म्हणजे जी आलीच नाही, ती उभ्या बाटलीकडं मोजली जाते.

आपल्या यादीत 812 बाया. अर्जाला 203 सह्या लागत होत्या, श्रावणात आम्ही 231 जमवल्या. बहुतेक अंगणवाडीच्या ओट्यावरच, पोरं खिचडी खाईपर्यंत. 'मानधनावर आहात बाई, राजकारणात पडू नका' असं कुणीतरी कानावर घातलंच. मी म्हणलं, ज्या लेकरांची वजनं मी दर महिन्याला घेते त्यांच्या बापाची मजुरी कुठं जाते ते मला नोंदवहीत दिसतंय, ह्यात राजकारण कुठून आलं? हे मी मनात म्हणलं. तोंडावर मी हसले फक्त.

अर्ज दिला तेव्हा पोच मागितली. तिथला बाबू म्हणाला, ठेवून जा, साहेब बघतील. आपले अप्पा, म्हणजे तुझे आजोबा, बीडच्या रेल्वेसाठी निवेदनं द्यायचे आणि पोचा ट्रंकेत ठेवायचे. आम्ही हसायचो त्यांना. रेल्वेला मंजुरी 1995 ला मिळाली आणि नगरहून गाडी बीडला आली ती 17 सप्टेंबर 2025 ला. अप्पा नव्हते, पोचा अजून आहेत. पण शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याबिगर टेबलापुढून हलायचं नाही, हे त्यांच्याकडूनच शिकले. पाऊण तास उभी राहिले. मिळाला.

मग सह्यांची तपासणी. मला वाटलं होतं, कागद बघतील आणि सोडतील. तसं नव्हतं. शाळेत टेबल मांडून बसले आणि एकेकीला नाव घेऊन बोलावलं. ओळखपत्र दाखवा, ही सही तुमचीच का, पुन्हा करून दाखवा. बाहेर पिंपळाखाली दुकानात बसणारे पाच-सहाजण मोटारसायकली लावून उभे, कोण आत जातंय ते बघत. अर्जावर ओट्यावर बसून केलेली सही वेगळी आणि त्या माणसांसमोरून चालत जाऊन 'हो, माझीच' म्हणणं वेगळं. काहीजणी दारापर्यंत आल्या आणि फिरल्या. मी कुणालाच नावं ठेवत नाही, त्यांना रात्री त्याच घरात निजायचं होतं.

आत्याबाईची गंमत सांगते. श्रावणात तिनं अंगठा दिला होता. मधल्या काळात बचत गटातल्या पोरीनं तिला सही शिकवली. तपासणीला ती नवं लुगडं नेसून आली आणि मोठ्या तोऱ्यात अख्खं नाव लिहिलं. साहेब म्हणाले, अर्जावर अंगठा आहे, जुळत नाही. ती म्हणाली, मग आता विसरू का काय! सगळी शाळा हसली, साहेबही हसले, पण सही बाद केली. 231 मधल्या 214 टिकल्या. अकरा जास्त होत्या म्हणून निभावलं.

तोवर विधानसभेची आचारसंहिता लागली. अर्ज श्रावणात दिलेला, मतदान लागलं पौषात. त्या वेळी आपल्या गावात कोण असतंय ते तुला ठाऊकच आहे. उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, सगळे कारखान्यांवर. तारीख पाडव्यानंतर द्या, बाया परत येऊ द्या, म्हणून दोनदा लिहून दिलं. दोन्हीची पोच आहे. उत्तर नाही. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं तेव्हा उसाच्या फडातून माणसं आणायला गाड्या गेल्या होत्या, डिझेलसकट. आमच्या आडव्या बाटलीला गाडी कोण पाठवणार? मुकादमाला फोन केला तर म्हणाला, एक दिवस कोयता बंद ठेवला तर खाडा कोण भरून देणार?

निकाल संध्याकाळी लागला. आडवी 371. उभी 58. बाद 9. शिक्का मारायला न जमून बाद झालेल्यांचं मला जास्त वाईट वाटलं. पाहिजे होत्या 407. छत्तीस कमी पडल्या. दुकानापुढं फटाके वाजले त्या रात्री. 58 मतांवर फटाके!

मी आठ दिवस यादी घेऊन बसले. पूर्वी बीएलओचं, म्हणजे गावच्या मतदार यादीचं, काम केलेलं असल्यामुळं घरं पाठ आहेत. न आलेल्या 374 जणी निघाल्या. कोयत्यावर 186. पुण्या-चाकणला 38. गावातच असून न आलेल्या 56. लग्न होऊन सासरी गेलेल्या पण नाव इथंच राहिलेल्या 71. आणि मेलेल्या 23.

आता तू गणितवाली आहेस, मांडून बघ. ह्या शेवटच्या 94 जणींची नावं आधीच कमी झाली असती तर यादी राहिली असती 718 ची, निम्म्या 359. आपल्याला 371 पडली होती. एकीच्याही पाया न पडता दुकान बंद झालं असतं.

त्या 23 मध्ये आपली आजी आहे. आयुष्यभर तिनं त्या दुकानावरून जाताना पदर नाकाला लावला, तुझ्या काकाला त्याच पायरीवरून दोनदा खांद्याला धरून आणला, आणि तिच्या नावाचं मत दुकानाच्या खात्यात गेलं. 2021 ला ती गेली तेव्हा बीएलओ मीच होते. गावातल्या बाकीच्या मयतांचे नमुना 7, म्हणजे यादीतून नाव कमी करायचे अर्ज, मी भरले. तिचा भरायला घेतला आणि ठेवून दिला. यादीत तिचं नाव माझ्या नावाच्या वर होतं. दर निवडणुकीला दोघी मिळून जायचो. मग पुढं काम दुसऱ्याकडं गेलं आणि राहून गेलं. हे मी अजून तुझ्या पपांनाही सांगितलेलं नाही.

आणि पुण्याच्या 38 मध्ये तू. तुला मी बोलावलंच नव्हतं. दहा दिवसांवर पेपर, येण्या-जाण्यात दोन दिवस मोडतील, एका मतानं काय होतंय, असा विचार मीच केला. दुसऱ्यांच्या पोरींना मात्र फोन करून ये ये म्हणत होते. त्यातली एक रात्रभर एसटीनं उभी आली, शिक्का मारून दुपारी परत गेली. तिची आई मला अजून बोलून दाखवते.

म्हणून तुझ्या लिंकनं झोप उडाली. तुमच्या त्या अर्जावर माझ्या आधी हजारो नावं होती. त्याची पोच कुणाकडं आहे? तो कुणाच्या टेबलावर जाणार, आवक क्रमांक कुणी विचारणार? उद्या त्यांनी एकेकाला नाव घेऊन बोलावलं, तर किती जण पिंपळाखालून चालत जातील? मी तरी गेले असते का, हेही विचारलं स्वतःला. रागावू नको. तुमच्यातले पुष्कळ जण रस्त्यावर बसले होते हे मी टीव्हीवर पाहिलंय, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये लोकसेवा आयोगाला नवी परीक्षापद्धत 2025 वर ढकलावी लागली ती बसल्यामुळंच. आकड्यात मोजलं गेलेलं आणि जागेवर सापडलेलं, ह्यातला फरक तुला तिथं कळलाच असेल.

आज नामविस्तार दिन पण आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 ला केला होता. यापेक्षा मोठा कागद कुठला असतो? तरी नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. मधे मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसं गेली, नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. मी तेव्हा सातवीत होते. त्या दिवशी आमच्या शाळेत कुणी पेढा वाटला आणि कुणी घेतला नाही, ते अजून आठवतं. मीही घेतला नव्हता. कशामुळं घेतला नाही, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता येतं, आणि लाज वाटते.

दुकान बंद केलं की हातभट्टी सुरू होईल, असं तुझे पपा म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही. चंद्रपूरला 2015 ला दारूबंदी केली आणि 2021 ला उठवली, चोरून दारू येतच होती म्हणून. पण हातभट्टीला एसटी स्टँडवर पाटी लावता येत नाही, शाळेतली पोरं पाटी वाचत जात नाहीत. मला एवढंसुद्धा पुष्कळ आहे.

आता पुन्हा अर्ज करायचा ठरलंय. काल ओट्यावर हळदीकुंकू केलं, ह्या वेळी विधवांनाही बोलावलं. दोघी-तिघी कुजबुजल्या, एक उठून गेली. पण दुकानाचा हिशोब ह्या बायांइतका कुणाला पाठ असणार? वाण म्हणून एकेक पेन दिला. आत्याबाईनं पेन घेऊन विचारलं, 'आता अंगठा का सही, एकदाच काय ते सांगा.'

सह्या पाडव्याच्या नंतर, कोयते परत आले की. त्याच्या आधी यादी साफ करायची. मयतांचे दाखले जमवायलेय. सासरी गेलेल्या पोरींना तिकडं नमुना 8 भरून नाव हलवायला सांगायलेय. काहींच्या सासरचे म्हणतात, कशाला ती भानगड. आजीचा नमुना 7 मी आज सकाळी भरला. सही करताना हात थोडा थांबला.

तुझं काय ते तू ठरव. पुण्यातच राहायचं असेल तर नाव तिकडं हलव, मला वाईट वाटणार नाही. इथं ठेवायचं असेल तर तारखेला ये, पेपर असला तरी. ह्या वेळी मी तुला फोन करणार आहे.

पपा बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणतात, पण रानात जायचं सोडत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. डबा परत पाठव, झाकण त्याचंच आहे का बघून. आणि तिकडं निळ्या शाईचं मोठं स्टॅम्प पॅड मिळतं का बघ. मागचं आमचं मधेच वाळलं, आणि शेवटच्या वीस-बावीसजणींचे अंगठे फिके उठले होते.